नाल्यावर वेखंड-ब्राह्मी लावून विकायची का?

गिरणाकाठचा:
आमच्या गावाचं सांडपाणी उघड्या नाल्यातून सरळ गिरणा नदीत जातं. यंत्रांचा प्रकल्प ग्रामपंचायतीला झेपणार नाही, वीजबिलातच मान टाकेल. म्हणून म्हणतो, नदीच्या अलीकडे खडी-वाळूचा चर काढा आणि त्यात कर्दळ, वाळा, वेखंड, ब्राह्मी लावा. पाणी मुळांतून झिरपत निवळेल. वेखंड-ब्राह्मी बचत गटाने वाळवून विकावी. नाला साफ, वर चार पैसे. बोला.

रावेरचा केळीवाला:
चर चांगला शे भो. पण आधी गाळ बसायला टाकी नसली तर खडी चोंदते आणि पाणी वरून वाहतं, मग डासच पोसा. उपसणार कोण? आमच्या तळ्यातली जलपर्णी मोठ्या हौसेने काढली आणि काठावरच टाकली. पहिल्या पावसात परत पाण्यात! झाडाने घाण ओढली तरी ती झाडातच राहते ना?

गोळीवाली ताई:
चर मान्य, विक्री अजिबात नाही. ब्राह्मी कॅडमियम-क्रोमियमसारखे विषारी धातू अंगात साठवते. ज्या गुणामुळे ती नाल्यात हवी, त्याच गुणामुळे औषधाच्या डब्यात नको. आणि वेखंड तर आपण तान्ह्या बाळाला उगाळून चाटवतो. त्यातल्या बीटा-ॲसरोन या घातक द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाण्याच्या पदार्थांत बंद केलं. ही चांगल्या जागेवरच्या वेखंडाची गोष्ट.

गिरणाकाठचा:
आमच्या गटारीत कसलं क्रोमियम? कारखाना नाही, नुसतं भांड्यांचं नि साबणाचं पाणी. आणि अमेरिकेचं कौतुक पुरे. हळदीने जखम भरते याचं पेटंट त्यांनीच १९९५ ला दिलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने भांडून १९९७ ला रद्द करवलं. आजीबाईचं ज्ञान खोटं असतं तर?

गोळीवाली ताई:
पेटंट गेलं, कारण ती गोष्ट नवी नव्हती. हळद किती द्यायची, हे त्या निकालात कुठे आहे? सर्पगंधा आपल्याकडे जुनीच, पण १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि रक्तदाबासाठी मोजून देता आलं. आणि फवारणीचे पंप कुठे धुता, गॅरेजचं काळं ऑइल कुठे जातं, ते एकदा नाल्यावर उभं राहून बघा.

पाटावरचा वैद्य:
ताई, मोजमाप आमच्याकडेही आहे. वेखंड शोधन, म्हणजे दोष काढून शुद्ध, केल्याशिवाय देत नाहीत. बाकी भाऊ, तुम्ही आजीबाईला पुढे करता, पण स्मशानातली, वारुळावरची वनौषधी घेऊ नये असं आयुर्वेदातच सांगितलंय. गटारीवरची कोणता वैद्य घेईल?

गिरणाकाठचा:
बरं, वेखंड-ब्राह्मी काढली. नुसती कर्दळ-वाळा. पण मग बचत गट चर सांभाळेल कशाला? फुकट?

रावेरचा केळीवाला:
फुकट कोणीच नाही सांभाळत. गाळ काढायची मजुरी ग्रामसभेत ठरावात घ्या, मगच खडीची ट्रॉली बोलवा. आणि कापलेली कर्दळ ढोरांपुढे टाकू नका.