महालक्ष्मीचे रेसकोर्स बदलते आहे. हळहळ नेमकी कशाची करायची?

सातरस्त्याचा_जुना यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर उद्यान व्हावे की नाही, हा माझा प्रश्न नाही. तो वाद आता जवळजवळ मिटला आहे. ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, त्यानंतर दहा-अकरा वर्षे नुसती चर्चा चालली आणि अखेर २०२४ मध्ये वाटणी ठरली. त्यानुसार सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि धावपट्टीसह ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे राहायचे आहेत. किनारी रस्त्याच्या भरावावरील सुमारे १७५ एकर मोकळी जागा या १२० एकरांना जोडली की जवळपास तीनशे एकरांचे उद्यान होईल, असे सांगितले जाते. शर्यती बंद होणार नाहीत. म्हणजे कागदावर पाहिले तर माझे काहीच जाणार नाही, उलट मिळणारच आहे. आणि तरीही ही बातमी वाचल्यापासून मनाला जी रुखरुख लागली आहे, तिचा अर्थ मला लागत नाही.

माझे वडील सातरस्त्याजवळच्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. हंगामातल्या रविवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून ‘जरा जाऊन येतो’ एवढेच म्हणत, आणि कुठे जातात हे आईला ठाऊक असूनही ती विचारत नसे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला दोन-तीनदा सेकंड एन्क्लोजरच्या, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या स्टँडच्या, गर्दीत नेले. शेवटच्या वळणावरून घोडे सरळ पट्टीत आले की आवाजाच्या आधी कठडा थरथरे. त्या कठड्यावर माझे तळहात टेकवून वडील म्हणत, ‘हात काढू नकोस, आता येतील.’ घोडे समोरून जायला काही क्षणच लागत. नंतर सगळीकडे फाटक्या तिकिटांचा सडा पडे. वडील मात्र हरलेले तिकीटही लगेच फाडत नसत. जॉकींची वजने पुन्हा होऊन निकाल पक्का जाहीर होईपर्यंत ते तिकीट मुठीत धरून ठेवत, कारण एखादी हरकत मान्य झाली तर दुसरा आलेला घोडा पहिला ठरू शकतो. गिरणीतल्या संपानंतर त्यांचे जाणे थांबले. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात घोड्याचे नाव, वजन, जॉकी, लावलेली रक्कम आणि आलेली रक्कम असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे.

त्या मैदानाच्या आतल्या हिरवळीवर वडिलांना कधी पाऊल ठेवता आले नाही, आणि आता ती सर्वांसाठी खुली होणार आहे. मग मला वाईट वाटण्याचे कारण काय? दुसरे असे की या बदलात काय जपायला हवे आणि काय खुशाल जाऊ द्यावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

टोटची_खिडकी यांचे उत्तर

आपला मजकूर वाचून माझ्या खिडकीसमोरची रांग आठवली. मी बँकेत नोकरी करत असताना अनेक वर्षे हंगामातल्या शर्यतीच्या दिवशी टोटच्या खिडकीवर बसत होतो. आमच्यासारखे बरेच कारकून हे जोडकाम करत आणि दिवसाचे पैसे रोख हातात पडत. ज्यांनी टोट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुकी भाव देतो आणि तो भाव त्याला पाळावा लागतो. टोटमध्ये मात्र भाव कोणीच देत नाही. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांत विभागली जाते. त्यामुळे सगळ्यांच्या लाडक्या घोड्यावर जिंकूनही हातात चहापाण्याएवढेच पैसे येतात. संगणक येण्यापूर्वी ही बेरीज-वजाबाकी माणसे करत, आणि शर्यत सुटण्याची घंटा वाजल्यावर खिडकी बंद करताना पुढे आलेला हात बाजूला सारावा लागे. त्या हातांची मला अजून लाज वाटते.

माझे मत विचाराल तर, आपल्याला ज्याची हळहळ वाटते ते उद्यानामुळे जात नसून आधीच गेलेले आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्याही कितीतरी आधीपासून बराचसा खेळ मोबाइलवर आणि चोरट्या बुक्यांकडे सरकला होता. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी ही हंगामातली सर्वांत मानाची शर्यत असते तेव्हा उसळणारी गर्दी सोडली, तर स्टँडमध्ये पूर्वीची रेटारेटी उरलेली नाही. आपली वही जपून ठेवा. टोटच्या एकूण जमाखर्चाचे आकडे कुठे ना कुठे मिळतील, पण एका माणसाने एका रविवारी किती लावले आणि का लावले, हे त्या आकड्यांत नसते.

काठावरची यांचे उत्तर

मला या चर्चेतला हळवेपणा थोडा खटकला, म्हणून लिहिते. राग मानू नये. आमच्या घरी माझे काका रेस खेळत. काकूच्या पाटल्या गेल्या, मग गावाकडचा जमिनीचा तुकडा गेला, आणि शेवटी काका स्वतः बोलेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे मला माहीत आहे; ते कौशल्य नेमके कोणाचे, हे मात्र आमच्या घरात कधी कळले नाही. ‘जरा जाऊन येतो’ म्हणणाऱ्या माणसाची आठवण मुलाला गोड वाटते, कारण मुलगा कठड्याशी उभा असतो. घरात थांबलेल्या बाईने त्या दुपारी कोणता हिशेब केला, ते त्या वहीत नसणार. आपण लिहिले आहे की आईला ठाऊक असूनही ती विचारत नसे. त्या न विचारण्याविषयी आपण कधी तिच्याशी बोललात का?

उद्यान झाले तर मला आनंदच होईल. फक्त ते खरोखर उद्यान असावे, एवढीच अपेक्षा आहे.

नकाशा_आणि_नियम यांचे उत्तर

वरचा प्रतिसाद मला पटला, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे जातो.

प्रथम थोडा इतिहास, कारण ‘जुने रेसकोर्स’ म्हणताना ते कायम तिथेच होते असा समज होतो. मुंबईतल्या शर्यती आधी भायखळ्याला होत असत. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडल्यावर ते थांबले आणि मागे दलदलीचा सखल प्रदेश उरला. त्यातल्याच महालक्ष्मी फ्लॅट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेवर १८८३ मध्ये हे रेसकोर्स उभे राहिले. भायखळ्याच्या मैदानावर पुढे वस्ती झाली आणि तिथे कधी घोडे धावत होते हे आज त्या भागात राहणाऱ्यालाही सांगावे लागते. म्हणजे महालक्ष्मीचे रेसकोर्स हेसुद्धा एका जुन्या मैदानाच्या बदल्यात आलेले नवे मैदान होते. रेसमुळे शहराच्या सवयीही बदलल्या. १९३० मध्ये सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी फक्त शनिवार-रविवारी धावे, आणि पुण्याच्या शर्यतींना जाणारे मुंबईकर तिच्या प्रवाशांत मोठ्या संख्येने असत. (विषयांतराबद्दल क्षमस्व, पण रेल्वे दिसली की मला राहवत नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. मोठी जुनी जागा मोकळी होते तेव्हा आधी वाटणीचे आकडे जाहीर होतात आणि मग त्या आकड्यांची व्याख्या बदलते, हे आपण गिरणगावात पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीची साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी अशी विभागणी अपेक्षित होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी सगळ्या जमिनीऐवजी केवळ मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू केली, आणि ज्या आवारात शेडच शेड होत्या तिथे रिकामी जमीन असणार तरी किती? हा बदल मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. आज लोअर परळला उड्डाणपुलावरून पाहिले की एक तृतीयांश मोकळी जागा कुठे गेली, ते डोळ्यांनी दिसते. आपल्या वडिलांची गिरणीही बहुधा याच हिशेबात गेली असेल.

म्हणून १२० एकर हा आकडा ऐकून सुखावण्याआधी त्यातली किती जमीन खरोखर माती राहणार आहे, हे विचारायला हवे. या उद्यानाच्या पोटात भूमिगत क्रीडासंकुल आणि वाहनतळ करण्याचे बेत मांडले गेले आहेत. वर हिरवळ आणि खाली काँक्रीटचा स्लॅब असेल, तर तिथे लॉन टिकेल, पण वडाचे मूळ खोल जाणार नाही. आणि मुळात दलदलीच्या असलेल्या या सखल भागात पावसाचे पाणी मुरायला जी जमीन आज उपलब्ध आहे, तीही कमी होईल. माझ्या दृष्टीने जपण्यासारखी पहिली गोष्ट ही उघडी माती आहे. वारसा म्हणून स्टँड तर राहायलाच हवेत, पण स्टँडची बाजू घेणारे पुष्कळ लोक आहेत.

इतरत्र याहून वाईट घडले आहे, हेही लक्षात घ्यावे. सिंगापूरमध्ये १८४२ पासून चालत आलेल्या शर्यती ५ ऑक्टोबर २०२४ रोजी कायमच्या थांबल्या आणि तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन घरबांधणीसाठी सरकारकडे परत जात आहे. लॉस एंजलिसजवळच्या इंगलवूडमधले हॉलिवूड पार्क २०१३ च्या अखेरीस बंद झाले आणि त्या जागी प्रचंड स्टेडियम उभे राहिले. त्या मानाने आपल्याकडे धावपट्टी टिकते आहे आणि आतली जागा लोकांना मिळते आहे. हा सौदा वाईट नाही. पण तो कागदावर आहे तसाच जमिनीवर उतरतो का, यावर डोळा ठेवणे भाग आहे.

तबेल्यातला यांचे उत्तर

इथे सगळे माणसांविषयी बोलत आहेत, म्हणून घोड्यांविषयी थोडे लिहितो. माझे आजोबा आणि वडील दोघेही मोतद्दार होते. मी मात्र दुसऱ्या व्यवसायात गेलो. लोकांना शर्यतीचे ते दोन-अडीच मिनिट दिसते, पण रेसकोर्सचा खरा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. घोड्याला फिरवून आणणे, खरारा करणे, पाय थंड पाण्याने शेकणे, खुरात अडकलेली माती उकरून काढणे, चंदी किती खाल्ली आणि किती टाकली ते पाहून ट्रेनरला सांगणे, हे सगळे मोतद्दार करतो. घोडा लंगडतो आहे हे डॉक्टरांच्या आधी त्याला कळते, कारण तबेल्यात उभा असताना घोडा कोणत्या पायावरचा भार काढून घेतो, हे तो रोज पाहत असतो. डर्बी २४०० मीटरची असते आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. म्हणजे त्या एका धावण्यामागे एका माणसाच्या दीड-दोन वर्षांच्या सगळ्या पहाटा गेलेल्या असतात. १९४० च्या दशकात पहिली डर्बी जिंकणाऱ्या बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीचे नाव आजही छापले जाते आणि तिच्या ऑस्ट्रेलियन जॉकीचेही छापले जाते. तिला पाणी कोण पाजत होता, ते कुठे छापलेले नाही.

उद्यानात उद्या माहितीचे फलक लागतील, तेव्हा त्यांवर राजे आणि चषक येणारच. तबेल्यांचे काय होणार आणि तिथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांचे काय होणार, हा प्रश्न आपण सर्वांनी विचारावा, अशी विनंती आहे. सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींनाही एक सांगणे आहे. मैदान खुले झाल्यावर सरावाच्या वेळी घोडा दिसला की छत्री उघडू नका आणि फटफट आवाज करत धावू नका. तो बुजला तर पाठीवरचा पोरगा खाली येतो.

सातरस्त्याचा_जुना यांचा पुन्हा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘काठावरची’ यांचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहवले नाही. आई आता नव्वदीच्या घरात आहे. काल तिच्यापुढे वही ठेवली आणि विचारले. ती बराच वेळ पाने उलटत राहिली आणि मग म्हणाली की ही वही तिने तेव्हाच पाहिली होती. ज्या आठवड्यात शेवटचा रकाना कोरा असे, त्या आठवड्यात वाण्याची उधारी कशी लांबवायची ते ती वही पाहूनच ठरवायची. मग तिने मला मागचे पान उघडायला सांगितले. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात काही आकडे आहेत. मी आजवर ते वडिलांचेच समजत होतो. ते तिचे आहेत.

‘तबेल्यातला’ यांनी म्हटल्याप्रमाणे फलकांवर काय यावे याविषयी महापालिकेला एक निवेदन देण्याचा विचार आहे, आणि ‘नकाशा आणि नियम’ यांनी उघड्या मातीचा मुद्दा त्यात मांडून दिल्यास बरे होईल. वही कुठे द्यावी हे मात्र आता मी एकट्याने ठरवणार नाही. आईने ती उशाशी ठेवून घेतली आहे.