पहिल्यांदाच दात साफ करायला जातोय, नक्की काय काय करतात?

सातपूरकर_४१
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे आणि आजवर दाताच्या डॉक्टरकडे एकदाच गेलोय, ते पण अक्कलदाढ काढायला, पंधरा वर्षं झाली असतील त्याला. गेले दोन-तीन महिने ब्रश केला की बेसिनमध्ये लालसर दिसतं. आधी वाटलं ब्रश कडक आहे म्हणून मऊ आणला, तरी तेच. खालच्या पुढच्या दातांना आतून जीभ लावली की खरखरीत लागतं, दगड चिकटल्यासारखं, नखाने निघत नाही. बायकोने परवा सांगितलं तोंडाला वास येतो म्हणून, फार जपून सांगितलं तिने पण मनाला लागलं हो, आता कामावर कोणाशी जवळून बोलताना आपोआप हात तोंडापुढे जातो.
शेवटी शनिवारची अपॉइंटमेंट घेतली इंदिरानगरला. फोनवरची मुलगी म्हणाली स्केलिंग पॉलिशिंग करावं लागेल, पाऊण तास धरून चला. आणि घरात आई मागे लागलीय जाऊ नको म्हणून, मशीन लावलं की दात खिळखिळे होतात, फटी पडतात, शेजारच्या काकांचे साफ केले आणि वर्षाच्या आत दोन पडले म्हणे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, दुखतं का, इंजेक्शन देतात का, उपाशी जायचं की खाऊन, आणि त्याच दिवशी सेकंड शिफ्टला जाता येईल का. फटींचं खरं काय ते तर नक्की सांगा. आईच्याही हिरड्या सुजलेल्या असतात, तिला शुगर आहे, माझं नीट झालं तर तिलाही नेणार आहे.

पंचवटी_कारंजा
दादा निर्धास्त जा. मी गेल्या वर्षी पहिल्यांदा केलं आणि माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. पोटभर जेवून जा, उपाशी अजिबात नको, कारण नंतर तासभर काही खावंसं वाटत नाही. आणि निघण्याआधी घरी ब्रश करून जा.
खुर्चीत बसल्यावर आधी मॅडमनी आरशाने सगळं बघितलं, मग एक बारीक सळई असते तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, ती दात आणि हिरडीच्या मध्ये हळूच घालून आकडे बोलत होत्या, दोन तीन दोन, तीन तीन चार, आणि असिस्टंट लिहून घेत होती. हे मला माहीतच नव्हतं. ते टोचतं थोडंसं पण दुखतं असं नाही म्हणता येणार.
मग मशीन. सुईसारखं वाकडं टोक, त्यातून पाण्याचा फवारा, आणि बारीक किरर्र आवाज, तो आवाज कवटीत वाजल्यासारखा वाटतो, पहिली दोन मिनिटं मी हात मुठीत आवळून बसलो होतो. तोंडात पाणी साचतं, ते ओढून घ्यायला गालात सक्शनची नळी ठेवतात. एक महत्त्वाचं सांगतो, नाकाने श्वास घ्यायचा आणि जीभ मागे टेकवून ठेवायची, म्हणजे घशात पाणी जाऊन ठसका लागत नाही. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला सरळ. आणि आधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं, सगळे डॉक्टर थांबतात.
मध्येच चूळ भरायला सांगितली तर बेसिनमध्ये रक्त आणि त्यात काळपट तपकिरी चुरा, डाळीएवढा एक तुकडा तर पूर्ण निघाला होता, मॅडमनी तो कापसावर घेऊन दाखवला. इतकी वर्षं हे तोंडात घेऊन जेवत होतो. शेवटी रबराच्या वाटीसारखं काहीतरी फिरवत पेस्टने पॉलिश केलं, ती पेस्ट करकरीत वाळूसारखी लागते. इंजेक्शन नाही दिलं. मी तिथून थेट कामावर गेलो होतो, तुम्हालाही सेकंड शिफ्ट करता येईल. ८०० रुपये घेतले होते माझ्याकडून, पण क्लिनिकप्रमाणे बदलतं, फोनवर विचारून घ्या.

दंतवैद्य_नाशिकरोड
मी डेंटिस्ट आहे, नाशिकरोडला १८ वर्षं प्रॅक्टिस. क्लिनिकचं नाव टाकणार नाही, जाहिरात करायची नाहीये. पण आईंनी जे सांगितलं ते मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण या एका समजुतीपायी लोकांचे चांगले दात जातात. म्हणून सविस्तर लिहितो.
दातावर रोज एक पिवळट चिकट थर बसतो, तो ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतलं कॅल्शियम त्यात बसतं आणि तो थर कडक होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. तुम्हाला खालच्या पुढच्या दातांच्या आतूनच खरखरीत लागतंय कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे जिभेखाली उघडतात. दुसरी अशीच जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथेही बोट फिरवून बघा. एकदा कडक झालं की कोणत्याही पेस्टने, कोळशाने, मीठ-तेलाने निघत नाही, त्या नादात लोक घासून घासून दात झिजवतात.
आता फटीचं. कीटण हिरडीच्या खाली सरकत जातं, हिरडी सुजते, आणि वर्षानुवर्षं असं राहिलं की दाताला धरून ठेवणारं हाड आतून खचत जातं. हे दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. हाड गेल्याने दात हलायला लागलेला असतो पण कीटण दोन दातांमध्ये सिमेंटसारखं भरून त्यांना जखडून ठेवतं. ते काढलं की हलणं जाणवतं, आणि जिथे कीटण भरलं होतं ती जागा रिकामी दिसते. सूज उतरल्यावर हिरडीही आवळली जाते, म्हणून फट अजून मोठी वाटते. फट आधीपासूनच होती, तिच्यात दगड भरलेला होता. शेजारच्या काकांचे दात पडले ते हाड गेलं म्हणून, आणि बहुतेक ते दहा वर्षं उशिरा गेले म्हणून.
मशीन दात कापत नाही. ते ड्रिल नाहीये, त्याला फिरणारं पातं नसतं. टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण तडकून सुटतं, पाणी असतं ते टोक गरम होऊ नये आणि चुरा वाहून जावा म्हणून.
त्या सळईचे आकडे कान देऊन ऐका आणि विचारा. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ४ किंवा जास्त म्हणजे हिरडीखाली खिसा झालाय, आणि तो खोल असेल तर साध्या स्केलिंगने भागत नाही, मुळापर्यंत साफ करावं लागतं, ते मात्र हिरडी बधिर करून करतात आणि दोन-तीन बैठका लागतात.
नंतर तीन-चार दिवस, कधी आठवडा, थंड लागलं की सणक जाते कारण इतके दिवस झाकलेला भाग उघडा पडलेला असतो. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, बर्फाचं आणि कडक गरम टाळा, आणि ब्रश त्याच रात्रीपासून चालू ठेवा, मऊ ब्रशने. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश न फिरवणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण रक्त येतंय तिथेच थर साचलेला असतो.

निफाडची_लेक
डॉक्टरांनी लिहिलं ते वाचून आईची आठवण आली. माझी आई चाळीस वर्षं मिश्री लावायची, सकाळी चुलीपाशी बसून, तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने दातावर फिरवत, आणि तिचं ठाम म्हणणं की मिश्रीनेच दात मजबूत राहिले. रक्त कधी आलं नाही तिच्या हिरड्यातून म्हणून आम्हीही गप्प. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तंबाखूने हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून रक्त येत नाही, आतून हाड जातच असतं, तंबाखू त्याची खूण लपवते. तोपर्यंत खालचे चार दात हलत होते. दोन वाचले.
खर्चाची अडचण असेल त्यांच्यासाठी, पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं डेंटल कॉलेज आहे, आम्ही तिला तिथेच नेलं होतं. शिकणारी मुलं करतात पण वर सीनियर डॉक्टर तपासतात, प्रत्येक दात तपासून मगच पुढे जाऊ देतात, आणि पैसे बाहेरच्या मानाने बरेच कमी लागले. वेळ मात्र लागतो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवायचा. तिथल्या एका मुलीने आईचा हात हातात घेऊन तिला ब्रश कसा तिरका धरायचा ते दाखवलं, आईने नंतर मिश्री सोडली ती त्या मुलीमुळे, आम्ही सांगून थकलो होतो.

सिडको_वाला
सगळे म्हणतायत दुखत नाही, मला दुखलं होतं बाबा आणि ते पण सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी गेलो, हिरड्या भयंकर सुजलेल्या होत्या, खालच्या पुढच्या दातांना टोक लागलं की डोळ्यात पाणी. मी मुकाट सहन करत बसलो, बोललोच नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी आधीच विचारलं आणि थोडं बधिर करून घेतलं, काही कळलं पण नाही. तर दुखलं तर सांगा, शौर्य दाखवायची जागा नाही ती.
दुसरं, पहिल्या ठिकाणी मला साफ करताना मध्येच सांगितलं की दात पांढरे करायचं पॅकेज घ्या, त्यानेच पिवळेपणा जाईल, आणि तोंडात नळी असताना माणूस काय बोलणार, हो म्हणून बसलो, बिल बघून धक्का बसला. साफ करणं वेगळं आणि ब्लीचिंग वेगळं. साफ केल्याने डाग आणि कीटण जातं, दाताचा मूळचा रंग आहे तोच राहतो. काय काय करणार आणि किती होणार हे खुर्चीत आडवं व्हायच्या आधी विचारा.

दंतवैद्य_नाशिकरोड
सिडकोवाल्यांचं दोन्ही बरोबर आहे. जे करायचं ते आधी सांगून, संमती घेऊनच करायला हवं.

सातपूरकर_४१
मंडळी, आजच जाऊन आलो, लगेच लिहितोय.
आकडे ऐकले. बहुतेक दोन-तीन, पण उजवीकडे वर मागच्या दोन दाढांना ५. मॅडम म्हणाल्या आज वरवरचं सगळं साफ करू, सहा आठवड्यांनी परत मोजू, तेवढ्यात सूज उतरून आकडा खाली आला तर ठीक नाहीतर त्या दोन दाढा बधिर करून खोल साफ करू. गुटखा खाता का विचारलं, दहा वर्षांपूर्वी सोडला म्हणून सांगितलं, तेव्हा म्हणाल्या बरं केलंत, नाहीतर हा आकडा ५ वर थांबला नसता.
दुखणं म्हणाल तर खालच्या पुढच्या दातांना दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा थांबल्या. बाकी आवाजाचाच त्रास. घरी येईपर्यंत जीभ सारखी तिथेच जात होती, खालच्या दातांच्या मागे इतकं गुळगुळीत लागतंय की ते माझे दात आहेत असं वाटत नाही, प्रत्येक दात वेगळा वेगळा लागतोय जिभेला. आणि हो, समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसतेय, तांदळाचा दाणा बसेल एवढी. आईने मोबाईलच्या उजेडात बघितली आणि म्हणाली बघ मी म्हणत होते. मग माझ्या दातांवरून निघालेला कीटणाचा एक तुकडा मी मुद्दाम मागून आणला होता, पुडीत, तो तिच्या हातावर ठेवला आणि डॉक्टरांनी इथे लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ बोटाने चाचपत बसली. मग म्हणाली, माझ्यात पण एवढं असेल का रे.
तयार झालीय. शुगरची गोळी आहे, बीपीची आहे आणि एक रक्त पातळ करायची छोटी गोळी पण घेते, छातीत दुखलं होतं तेव्हापासून. ती बंद करून न्यायची का?

दंतवैद्य_नाशिकरोड
नाही, स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, हे फार महत्त्वाचं आहे. साफ करताना येणारं रक्त दाबून थांबवता येतं, गोळी बंद केल्यावर हृदयात गाठ झाली तर ती आवरणं अवघड. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि डेंटिस्टना दाखवा, गरज वाटली तर ते तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलतील. पेसमेकर किंवा झडप बदलली असेल तर तेही आधीच सांगा. पेसमेकरला काही जुन्या पद्धतीची मशीन चालत नाहीत, आणि झडप बदललेल्यांना साफ करण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.
शुगर आहे म्हणून सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच या. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट जुना असेल तर आधी एकदा करून घ्या, शुगर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर भरत नाहीत, आणि उलटही असतं, हिरड्यांची सूज गेली की शुगर आटोक्यात ठेवायला मदत होते. त्यांचे दात हलत असतील तर पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि एक्स-रे करून घ्या, हाड किती शिल्लक आहे ते त्यात दिसतं आणि त्यांना दाखवूनच पुढचं ठरवा.
औषधाची गुळणी लिहून दिली असेल तर सांगितले तेवढेच दिवस, जास्त दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. पेस्ट लावल्यावर अर्धा तास सोडून मग ती.

सातपूरकर_४१
गुळणी दिलीय, सात दिवस. रिपोर्टसाठी सोमवारी सकाळी रक्त देऊन येतो तिचं, आणि अपॉइंटमेंट बुधवारी साडेदहाची मिळाली. ती पुडी तिने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलीय, म्हणते शेजारच्या काकांना दाखवायची आहे.