नववीत विषय निवडताना व्यवसायाचा विचार किती करावा?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, म्हणजे नववीत, जात असून तिला अभियांत्रिकी आणि चित्रकला या दोन्हींची ओढ आहे. चारही वर्षांचे विषय आताच ठरवावेत का?

पहिले उत्तर: सगळे आताच ठरवू नये, मात्र गणिताचा क्रम आजच पाहावा, कारण अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस असे एकेक वर्ष गेल्यास, नववीत अल्जेब्रा १ पासून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याची बारावी कॅल्क्युलसविनाच संपते, आणि अभियांत्रिकीकडे वळताना ही उणीव जाणवते. अनेक शाळांत उन्हाळी वर्गाने किंवा एकाच वर्षी गणिताचे दोन विषय घेऊन ती भरून काढता येते. समुपदेशकांना हे नववीतच विचारा.

दुसरे उत्तर: वरील मताशी सहमत आहे, परंतु चित्रकला सोडायला लावू नका, ही कळकळीची विनंती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या १५ वार्षिक विषयांत कलेचे एक वर्ष अनिवार्यच आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तिचे गणित अल्जेब्रा १ पासूनच सुरू होणार असल्याने उन्हाळी वर्गाची चौकशी याच आठवड्यात करते.