शब्दचर्चा: 'उतारवयातला अल्बम' चुकीचं, की नुसतंच झोंबणारं?

अर्धविराम
कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याच्या 'यू वॉन्ट इट डार्कर' या अल्बमवर लेख लिहितोय. २१ ऑक्टोबर २०१६ ला तो आला तेव्हा म्हातारबुवा ८२ वर्षांचे होते, आणि सतराच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला गेले. मी पहिल्याच वाक्यात 'उतारवयातला अल्बम' लिहिलं होतं. संपादकांनी त्यावर काट मारून 'उत्तरायुष्यातील' केलं. वर शेरा: 'उतारवय हा अवमानकारक शब्द आहे.' आमची आजी स्वतःबद्दल 'आता उतारवयात कशाला ही थेरं' असं खुशाल म्हणायची, आणि तिचा अवमान करायची घरात कुणाची छाती नव्हती! इंग्रजीतलं 'लेट' मला मराठीत हवंय. शेवटच्या पर्वातला, पण थकलेला नव्हे. काय लिहू?

जाता जाता, 'सिंगर-साँगरायटर'ला काय म्हणावं? 'गायक-गीतकार' लिहिलं की चाल तिसऱ्याच कुणाची तरी आहे असं वाटतं.

जुनाट
संपादक बरोबर आहेत. उतार म्हणजे घसरण. आणि 'लेट'चं भाषांतर जपून करा. एके ठिकाणी मी 'दिवंगत कारकीर्द' असं छापून आलेलं वाचलंय.

खडीसाखर
अहो, दोन्ही शब्द एकच आहेत. उत्तरवयाचं बोलताबोलता उतारवय झालं. भांडण मिटलं.

मोडीवाला
मिटलं कसलं! 'उत्तर' म्हणजे 'उद्'ला तुलनेचा 'तर' लागून झालेला शब्द. अधिक वरचं, त्यावरून पुढचं, नंतरचं. 'उतरणे'च्या पोटात मात्र 'तॄ' हा धातू आहे. तरणे, तारू, अवतार हे सगळे त्याच घरचे. नदी पायी ओलांडता येईल अशा जागेला मराठीत 'उतार' म्हणतात, आणि प्रवाशाला 'उतारू'. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढून बघा. म्हणजे उतारवय ही घसरण नाहीच, पाणी कमी झालेलं असतं आणि पलीकडचा काठ दिसत असतो ती जागा. या अल्बमला याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही. शिवाय ताप उतरला की आपण पेढे वाटतो, शोक करत नाही.

पडघम
दंडवत.

तिरकस
व्युत्पत्ती गोड आहे, पण वाचक मांडीवर मोल्सवर्थ घेऊन बसत नाही. त्याला 'उतार' म्हटलं की ब्रेक आठवतो. आणि या माणसाला उतार लागला तरी कधी? आधी कवी, मग कादंबरीकार. पहिला अल्बम १९६७ साली, वयाच्या ३३व्या वर्षी. त्या धंद्यात इतर लोक त्या वयात संपायला आलेले असतात. सत्तरी ओलांडल्यावर साठवलेले पैसे गेल्याचं कळलं, म्हणून २००८ मध्ये पुन्हा दौऱ्यावर निघाला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. २०१२ चा 'ओल्ड आयडियाज' हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या यादीत तिसरा, तोवर अमेरिकेत इतक्या वर तो कधी गेलाच नव्हता. मग २०१४ चा एक आणि नंतर हा. याला चढवय म्हणा.

अर्धविराम
तेच तर म्हणतोय, वय उतारावर आणि काम चढावर. माझ्या मते 'उतारवयातला अल्बम'मध्ये उतार वयाला लागतो, अल्बमला नाही. तुम्हाला वाचताना तसं वाटतं का, एवढंच सांगा.

पडघम
गायक-गीतकारासाठी शाहीर हा शब्द काय वाईट आहे? स्वतः रचतो, स्वतः म्हणतो.

मोडीवाला
होनाजी बाळा विसरलात? होनाजी रचायचा, बाळा गायचा. मी अर्धं आयुष्य तो एकच माणूस समजत होतो, ती गोष्ट वेगळी.

जुनाट
तयार शब्द आहे, फक्त आपल्याला आठवण नाही: वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त व्याख्याच करून ठेवली आहे. शब्द म्हणजे मातु, चाल म्हणजे धातु, दोन्ही करील तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या चालीवर नुसते शब्द बसवणारा तो कुट्टिकार! म्हणजे 'मीटरवर' गाणी लिहिणाऱ्यांनाही तेव्हापासून नाव आहे. इतकं घरात असताना जोडरेघ लावून शब्द कशाला शिवायचे?

तिरकस
वाग्गेयकार म्हटलं की डोळ्यांसमोर तंबोरा येतो. इथे फेडोरा हॅट आहे. आणि तुमच्या व्याख्येत गाणं कुठे आहे? रचणं आहे, बांधणं आहे. तो गातो हे कुठे म्हटलंय?

जुनाट
वाग्गेयकाराच्या गुणांची लांबलचक यादी आहे, तीत 'हृद्य शारीर' येतं. शारीर म्हणजे इथे आवाज. मनाला भिडणारा आवाज.

तिरकस
मग कोहेन पहिल्याच फेरीत बाद. तो शेवटी शेवटी गात नव्हताच, तळघरातून बोलत होता.

अर्धविराम
भिडतो मात्र! असो. माझा मूळ प्रश्न...

वेंधळी
आवाजाचा विषय निघालाच आहे म्हणून. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे कोहेनने या अल्बममधलं गाणं लॉस एंजेलिसच्या घरीच, वैद्यकीय खुर्चीत बसून म्हटलंय. निर्मितीची बाजू मुलाने, अ‍ॅडमने सांभाळली. मागचा कोरस माँट्रियलच्या शार हाशोमायिम या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचा, कोहेन घराण्याचंच ते. शीर्षकगीतात 'हिनेनी' हा हिब्रू शब्द येतो. बायबलमध्ये देवाने हाक मारल्यावर अब्राहाम हेच उत्तर देतो. त्याचं मराठी काय करणार? 'हा मी इथे आहे' फार लांब होतं, आणि पत्ता सांगितल्यासारखं वाटतं.

खडीसाखर
'हजर'. शाळेतल्यासारखं. पण अरबी आहे.

पडघम
'अल्बम' लॅटिन चालतो, 'शाहीर' अरबी असून त्यावर कुणी ब्र काढला नाही, आणि 'हजर'लाच पासपोर्ट विचारायचा?

खडीसाखर
अल्बमही मला चालत नाही. ध्वनिमुद्रिका म्हणा.

पडघम
ध्वनिमुद्रिका म्हणजे एक तबकडी. अल्बम म्हणजे संच. पूर्वी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्यात घालून विकत, म्हणून तो अल्बम. त्याच्याही आधी रोममध्ये जाहीर सूचना लिहायची पांढरी फळी. तुमच्या शुद्ध शब्दात यातलं काय उरतं?

मोडीवाला
हिनेनी म्हणजे 'ओ'.

तिरकस
म्हणजे?

मोडीवाला
हाकेला ओ देणे. 'आहे', 'ऐकलं', 'येतोय', 'काय सांगाल ते करीन' हे सगळं एका अक्षरात. आई अंगणातून हाक मारायची तेव्हा आपण 'हजर' म्हणायचो का?

वेंधळी
बाई गं. अंगावर काटा आला.

जुनाट
काटा ठीक आहे, पण 'ओ' हे नुसतं अव्यय. त्यात 'मी' कुठे आहे? हिब्रूत 'नी' म्हणजे मी.

मोडीवाला
हाक ज्याला मारली तोच ओ देतो. वेगळा 'मी' कशाला हवा?

अर्धविराम
लेख गेला. 'उत्तरायुष्यातील' तसंच राहिलं, मी दमलो. हिनेनीपुढे मात्र नुसतं 'ओ' लिहून दिलं होतं. संपादकांनी मुद्रणदोष समजून ते काढून टाकलं.

खडीसाखर
लेख छापील आहे का? नसेल तर मुद्रणदोष कसा? टंकनदोष.