मदत हवी आहे: दोन कुत्र्यांसह रत्नागिरी ते जयपूर, गाडीने

नोव्हेंबरअखेरीस निघायचं आहे. लॅब्रेडॉर २८ किलो, गावठी मादी १४ किलो. मुक्काम पनवेल, वडोदरा, उदयपूर. रोज ३००-४०० किमी, दर दोन तासांनी थांबा. रेबीजच्या लसीचा दाखला सोबत आहे. पाणी किलोमागे दिवसाला ५०-६० मिली धरलं, म्हणजे दोघांना अडीच लिटर. उन्हासाठी पाच लिटरचा कॅन जास्तीचा. पट्टा गळ्याला नाही, छातीच्या हार्नेसला बांधणार, कारण जोरात ब्रेक लागला तर गळपट्ट्याने मान दुखावते.

अडचण मादीची. घाटात तिला उलट्या होतात. कशेडीला बोगद्याने जाणार, पण परशुराम घाट आहेच. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवायचं, की मॅरोपिटंट (उलट्या रोखणारी गोळी) द्यायचं? ती गोळी दोन तास आधी, थोड्याशा खाण्यासोबत देतात, मग उपास कसा जमवायचा? डॉक्टरांना विचारणारच आहे, तरी कोणी दिली असेल तर अनुभव सांगा.

दुसरं, वडोदरा आणि उदयपूरला कुत्री खोलीत घेणारी, तळमजल्याची, साधी लॉज कुठे आहेत? बंद गाडी काही मिनिटांत तापते, त्यामुळे जेवायलाही त्यांना गाडीत सोडणार नाही. बाहेर बाकडी असलेले ढाबेसुद्धा कळवा.