प्रस्तावाआधी पगाराची विभागणी
स्वयंसेवी संस्थेने देणगीदाराकडे निधी मागायचा तर संस्थेची घटना (नियमावली), नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल असं सगळं एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवा, असा सल्ला दिला जातो, ते अगदी बरोबर. पण त्यापुढचं 'मग फक्त प्रस्ताव चांगला लिहायचा' हे पटत नाही. अर्ज बहुधा अंदाजपत्रकात अडकतो, आणि त्यातही पगारात. एकच समन्वयक तीन प्रकल्पांवर असतो, तिन्ही देणगीदारांकडे त्याचा ४०-४० टक्के पगार मागितला जातो. बेरीज १२०! अर्जात हे खपूनही जातं, नंतर हिशेब तपासणीत सापडतं आणि पैसे परत करायची वेळ येते.

म्हणून आधी एक तक्ता करा: ओळींत कर्मचारी, स्तंभांत प्रकल्प, चौकटींत पगाराचे टक्के, प्रत्येक ओळीची बेरीज १००. भाडं, वीज, हिशेबनीस यांचा वाटा कोणत्या सूत्राने धरलाय तेही लिहून कार्यकारिणीच्या ठरावात घ्या, आणि वेळपत्रकं (कोणी कोणत्या प्रकल्पाला किती वेळ दिला याच्या नोंदी) पहिल्या महिन्यापासून भरा. वर्षअखेरीस एकदम भरलेली लगेच ओळखू येतात. बाकी खर्च 'प्रशिक्षण' असा ठोक आकडा न देता सत्रं × माणसं × दर असा मांडा. प्रस्तावाच्या मजकुरात सहा सत्रं आणि अंदाजपत्रकात चार, ही विसंगती तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते.