मिनिमल टेक्नोमध्ये काहीच घडत नाही, मग ते ऐकावे कसे?

लातूरकर:
नमस्कार. आमच्याकडे डीजे म्हटले की मिरवणुकीतला ठेकाच आठवतो. त्यामुळे मिनिमल टेक्नो, म्हणजे मोजक्याच आवाजांवर चालणारे यंत्रावरचे नृत्यसंगीत, करणारे डीजे रिकार्डो व्हियालोबोस यांची २००६ सालची ‘फित्सहॉयर त्सीहॉयर’ ही ३७ मिनिटांची रचना ऐकून मी गोंधळून गेलो. तिच्यात मुखडा नाही, अंतरा नाही. ब्रास बँडचे तुकडे तेवढे मधून मधून येतात आणि विरून जातात. हे नाचासाठीचे संगीत आहे म्हणतात, पण मोबाइलवर तीनदा ऐकूनही मला धागा सापडला नाही. कोणी समजावून सांगेल का?

परभणीकर:
दादा, आधी मोबाइलचा स्पीकर बंद करा. या संगीताचा निम्मा जीव खर्जात असतो आणि तो खर्ज एवढ्याशा स्पीकरला पेलत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत फक्त वरची टिकटिक पोहोचली असणार. चांगला हेडफोन लावा. १९९० च्या दशकात डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूड यांनी टेक्नोतले थर एकेक करून काढले आणि उरलेल्या ठेक्यावरच नाच उभा केला. पुढे मिनिमलचाही साचा झाला. व्हियालोबोस मला आवडतात ते तो साचा मोडतात म्हणून.

नांदेडची तबलाशिक्षिका:
स्वतंत्र तबलावादनात लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरणारी धून, बदलत नाही, म्हणूनच कायद्याचे पलटे, म्हणजे ठरलेल्या बोलांचे फेरफार, स्पष्ट ऐकू येतात. अशा संगीतात किक ड्रमला, म्हणजे खर्जातल्या सततच्या ठोक्याला, लेहरा समजून पाहा. यंत्रावर १६ स्टेपचे, म्हणजे १६ समान घरांचे, आवर्तन फिरत असताना त्यावर १५ स्टेपचा दुसरा तुकडा सोडला, तर तो दर फेरीला एक स्टेप आधी येतो. एका ठोक्याला चार स्टेप आणि मिनिटाला १२० ठोके धरले, तर दोघांची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) २४० स्टेपनंतर, म्हणजे अर्ध्या मिनिटाने, पुन्हा जुळते. मधल्या वेळात शरीर त्या समेची वाट पाहत राहते, आणि माझ्या मते नाच त्या वाट पाहण्यातच आहे. पैठणच्या नाथांच्या दिंडीत पावली खेळणाऱ्यांनाही तोच ठेका कंटाळवाणा वाटत नाही. मात्र दिंडीला नामाचा आधार असतो. येथे शब्द नसल्यामुळे सगळा भार कानावर पडतो.

लातूरकर:
ताई, दादा, आभारी आहे. काल रात्री हेडफोनवर ऐकले आणि खर्ज प्रथमच जाणवला. वरचा तुकडा खरोखर सरकतो आहे की तुमचे वाचून मलाच तसे वाटते आहे, हे अजून ठरवता येत नाही. आता बोटांवर मात्रा मोजत पुन्हा ऐकतो.